शेवटची गाडी किती वाजता आहे?

संमेलनाची कार्यक्रमपत्रिका हातात आली की लोक आधी अध्यक्षांचं नाव बघतात, मग कविसंमेलनाच्या यादीत ओळखीचं कुणी आहे का ते शोधतात. मी पत्रिका उलटी करते. मागच्या पानावर तळाशी ‘संमेलनस्थळी कसे याल’ अशा तीन-चार ओळी असतात. कधी त्याही नसतात. माझं संमेलन त्या ओळींपासून सुरू होतं.

कराडपासून बारा किलोमीटरवरच्या गावात मी सार्वजनिक वाचनालयाची ग्रंथपाल आहे. वाचनालयाचे अध्यक्ष अण्णा, शाळेतून निवृत्त झालेले, आता ऐंशीला टेकलेत. अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाच्या ग्रंथप्रदर्शनातून आम्ही वर्षाच्या खरेदीतली बरीच पुस्तकं घेतो. यादीवरून मागवलेलं पुस्तक आणि उभ्यानं चार पानं वाचून घेतलेलं पुस्तक यांत फरक असतो, असं अण्णांचं म्हणणं आहे आणि ते मला पटतं. म्हणून जमेल त्या वर्षी आम्ही दोघं जातो. सोबत दोन कापडी पिशव्या, सुतळीचा गुंडा आणि माझी एक जुनी वही. वहीत गाड्यांच्या वेळा आहेत.

आमच्या भागातल्या माणसाला विदर्भात किंवा खान्देशात जायचं तर एक गाडी पाठ असते, महाराष्ट्र एक्सप्रेस. कोल्हापूरहून दुपारी निघते आणि गोंदियाला जाते, तेराशे किलोमीटरहून जास्त अंतर. दिवस कलताना कराड, रात्री पुणे, पहाटे मनमाड, मग जळगाव, भुसावळ, अकोला, बडनेरा, धामणगाव, वर्धा, नागपूर. हिला फार वेग नाही, पण ही थांबते, आणि थांबते म्हणूनच आमच्यासारख्यांच्या कामाची आहे. पंचगंगेच्या काठावर चढलेलं माणूस गाडी न बदलता वैनगंगेच्या मुलखापर्यंत पोहोचतं. डब्यात सांगलीची हळद, नगरचे जवान, शेगावला निघालेलं अख्खं कुटुंब, आणि एका कोपऱ्यात आम्ही दोघं.

२०१९ च्या जानेवारीत यवतमाळला याच गाडीनं गेलो. अध्यक्ष अरुणा ढेरे होत्या. यवतमाळच्या लोकांना शकुंतला रेल्वेचं मोठं प्रेम. मूर्तिजापूरहून यवतमाळपर्यंत ११३ किलोमीटरची ती नॅरोगेज, आता बंद आहे. बाहेरगावच्या माणसाला यवतमाळचं स्टेशन म्हणजे धामणगाव. तिथून पुढं एसटीनं चाळीस-पन्नास किलोमीटर. रात्री दौंडला इंजिन एका टोकाचं काढून दुसऱ्या टोकाला लावलं आणि गाडी उलट्या दिशेनं चालू लागली. अण्णा झोपेतून उठून बसले. ‘परत कराडला निघाली का?’ त्यांना समजावलं. मग ते बराच वेळ जागेच होते, खिडकीची काच खाली ओढून घेतलेली, मफलर कानावर. दुसऱ्या दिवशी दुपारी धामणगावला उतरलो तेव्हा कापूस भरलेल्या गाड्या रस्त्यानं चालल्या होत्या आणि सगळ्या स्टँडवर पांढरी पिसं उडत होती.

त्या संमेलनाचं उद्घाटन वैशाली येडे यांनी केलं, यवतमाळ जिल्ह्यातल्याच, आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या पत्नी. त्या बोलत होत्या तेव्हा माझ्या शेजारी बसलेल्या बाईंनी पदर तोंडाशी धरला होता. कळंब तालुक्यातून आले, म्हणाल्या. येताना एसटी मिळाली, जाताना बघू. हे ‘जाताना बघू’ तेव्हा माझ्या कानावरून गेलं. त्याचा अर्थ कळायला मला पुढं पाच वर्षं लागली.

वर्ध्याला २०२३ च्या फेब्रुवारीत गेलो, तेव्हा वहीत मोठ्या अक्षरात लिहून ठेवलं, कारण त्या गावाला दोन स्टेशनं आहेत. मुंबई-नागपूर मार्गावरचं वर्धा, आणि बल्लारशाकडून नागपूरला जाणाऱ्या गाड्या थांबतात ते सेवाग्राम. चंद्रपूरकडून येणाऱ्या पाहुण्याला ‘वर्ध्याला उतरा’ असं सांगितलं तर तो वर्धा शोधतच राहील. असल्या बारीक गोष्टी गावातल्या माणसाच्या अंगवळणी पडलेल्या असतात. त्या सांगायला हव्यात हे त्याच्या लक्षातच येत नाही. यजमान गावाची यात चूक नसते. पण पत्रिका ही परक्या माणसाच्या हातात जायची असते, तेव्हा ती परक्याच्या डोळ्यांनी एकदा वाचून बघायला हवी.

मधल्या काळात प्रवासाचं सगळं गणितच बदललं. २०२० च्या जानेवारीत उस्मानाबादला, म्हणजे आताच्या धाराशिवला, अण्णा रेल्वेच्या ज्येष्ठ नागरिक सवलतीत आले होते. पुरुषांना ४० टक्के, बायकांना ५० टक्के. त्याच मार्चमध्ये करोनामुळं ती बंद झाली, ती पुन्हा सुरू झालेली नाही. नाशिकचं संमेलन करोनानंच पुढं गेलं आणि २०२१ च्या डिसेंबरात झालं, तेव्हा एसटीचा संप चालू होता. नाशिकला रेल्वेनं जाता येतं, पण निफाड-सिन्नरच्या खेड्यातल्या वाचकाला रेल्वेचा काय उपयोग? संपकऱ्यांनी कामावर यावं म्हणून उच्च न्यायालयानं शेवटी २२ एप्रिल २०२२ ही मुदत दिली. उदगीरचं संमेलन सुरू झालं ती तारीखही २२ एप्रिल. ही दोन्ही संमेलनं आमची हुकली. आमच्या वाचनालयातल्या एका सभासदाचा मुलगा एसटीत वाहक आहे. त्या सहा महिन्यांत त्या घरात काय चाललं होतं ते आम्ही जवळून पाहिलंय. त्यामुळं गाडी नाही म्हणून कुणाला बोल लावावा असं तोंडाशी आलं नाही.

मग एसटी सुरू झाली, आणि तिनं हात पुढं केला. २०२२ च्या ऑगस्टपासून ७५ वर्षांपुढच्यांना प्रवास मोफत झाला आणि २०२३ च्या मार्चपासून बायकांना अर्धं तिकीट. अण्णांची पंचाहत्तरी नुकतीच झालेली. पहिल्यांदा कंडक्टरनं मशीनमधून शून्य रुपयांचं तिकीट काढून दिलं तेव्हा अण्णांनी ते उलटसुलट करून पाहिलं आणि हातातल्या पुस्तकात खूण म्हणून घातलं. तेव्हापासून त्यांच्या प्रत्येक पुस्तकात असं एक शून्याचं तिकीट असतं. वाचनालयाला पुस्तक परत आलं की मी ते काढून माझ्या वहीत ठेवते.

अमळनेरच्या वेळी म्हणूनच वाद झाला. फेब्रुवारी २०२४, सत्त्याण्णवावं संमेलन, अध्यक्ष रवींद्र शोभणे. अण्णांचं म्हणणं, पूर्ण एसटीनंच जायचं. कराड-स्वारगेट, वाकडेवाडीहून धुळं, धुळ्याहून अमळनेर. मी वही उघडून पर्याय मांडले. अमळनेर हे सुरत-भुसावळ मार्गावरचं स्टेशन, म्हणजे पश्चिम रेल्वेचं. मुंबईकरांना खान्देश एक्सप्रेस सुरतेला वळसा घालून थेट अमळनेरात सोडते. पुण्याकडून येणाऱ्याला तशी सोय नाही. त्यानं मध्य रेल्वेनं जळगाव गाठायचं आणि तिथून पन्नास-साठ किलोमीटर मागं यायचं. किंवा चाळीसगावला उतरून धुळ्याकडून यायचं. धुळ्याहून अमळनेर तसं जवळ, पस्तीस-चाळीस किलोमीटर. नकाशावर हे सगळं सरळ दिसतं. पण पहाटेच्या अंधारात चाळीसगावच्या फलाटावर ७७ वर्षांच्या माणसाला घेऊन उतरायचं म्हटलं की नकाशा वेगळा दिसायला लागतो.

‘फुकट आहे म्हणून म्हणत नाही गं मी,’ अण्णा म्हणाले. ‘एसटी गावातून जाते. रेल्वे गावाच्या मागून जाते.’

मी म्हटलं, ‘अण्णा, तुमचे गुडघे?’

त्यावर ते बोलले नाहीत. शेवटी असं ठरलं की रात्रीचा प्रवास आडवं होऊन महाराष्ट्र एक्सप्रेसनं जळगावपर्यंत करायचा आणि पुढं त्यांच्या मनासारखं एसटीनं जायचं. मला साइड लोअर मिळाली होती, ती त्यांना दिली. जळगावला फलाटावर उतरलो तेव्हा हवेत गारवा होता. स्टँडवर चहा घेऊन अमळनेरची गाडी धरली. एक शून्याचं तिकीट, एक अर्धं.

गाडी धरणगावात शिरली आणि अण्णांनी माझ्या हातावर थाप मारली. ‘बालकवींचं गाव.’ त्र्यंबक बापूजी ठोंबरे, जन्म १८९०, इथलाच. १९०७ साली जळगावात पहिलं महाराष्ट्र कविसंमेलन भरलं, त्यात या सतरा वर्षांच्या मुलानं कविता म्हटली आणि अध्यक्ष कीर्तिकरांनी त्याला ‘बालकवी’ ही पदवी दिली. ११ वर्षांनी, मे १९१८ मध्ये, जळगावच्या पुढच्याच भादली स्टेशनाजवळ रेल्वेखाली सापडून तो गेला. वय २७. अण्णांनी हे सगळं खिडकीबाहेर बघत सांगितलं, वर्गात सांगायचे तसं. मी हिशेब करत होते. जिथं जन्मला, जिथं नाव मिळालं आणि जिथं संपला, ती तिन्ही ठिकाणं एका सकाळच्या एसटीच्या अंतरात आहेत. महाराष्ट्र एक्सप्रेसनं विदर्भात जाताना भादली मी किती वेळा ओलांडलं असेल. दर वेळी झोपेत.

आमच्या पुढच्या सीटवर एक शेतकरी बसले होते, मांडीवर भरताच्या वांग्यांची पिशवी. ते वळून म्हणाले, ‘सर, आमी रोज जातो या गाडीनं, हे कोनी सांगितलंच नाई.’ अण्णांचा चेहरा असा उजळला की मला वाटलं, तिकडं मंडपात काही झालं नाही तरी चालेल.

अमळनेरला उतरल्यावर गाव चालत बघता येतं. साने गुरुजी १९२४ ते १९३० या काळात इथल्या प्रताप हायस्कुलात शिक्षक होते. तत्त्वज्ञान मंदिर इथलंच. १९५२ साली कृ. पां. कुलकर्णी यांच्या अध्यक्षतेखाली संमेलन झालं तेही इथंच. आणि ज्या छोट्या वनस्पती तुपाच्या कारखान्यापासून पुढं विप्रो झाली तोही १९४५ च्या सुमारास इथंच उभा राहिला. या वेळी एकाच गावात त्याच दिवसांत विद्रोही साहित्य संमेलनही भरलं होतं. आम्ही दोन्हीकडं गेलो. दोन्हीकडं पुस्तकं घेतली.

आता जे सांगायचं म्हणून हे लिहायला बसले, ते दुसऱ्या दिवशीचं.

दुपारचा परिसंवाद रंगात आला होता. मंडपात बऱ्यापैकी गर्दी होती, आणि ती शहरी गर्दी नव्हती. अर्धं तिकीट झाल्यापासून बायका किती बाहेर पडल्या आहेत ते तिथं दिसत होतं. अंगणवाडीच्या, शाळेतल्या, बचत गटाच्या, वही-पेन घेऊन बसलेल्या. माझ्या रांगेत चोपडा तालुक्यातल्या चौघी होत्या, त्यातली एक प्राथमिक शाळेत शिकवणारी. पावणेपाचला त्यांची चुळबुळ सुरू झाली. पाचला चौघी उठल्या. त्यांच्यामागं आणखी एक रांग उठली. मग तिकडच्या कडेची माणसं. दहा मिनिटांत मंडपाचा मागचा तिसरा भाग रिकामा झाला, आणि व्यासपीठावर बोलणाऱ्या वक्त्यांची नजर त्या रिकाम्या खुर्च्यांवर जाऊन अडखळली.

माझ्या मागं कुणीतरी म्हणालं, ‘लोकांना साहित्यात रसच राहिलेला नाही.’

मी त्या शिक्षिकेच्या मागं गेटपर्यंत गेले. म्हटलं, ‘अहो, आता तर कुठं चर्चा रंगली होती.’

‘ताई, आमची साडेपाचची गाडी. ती मुक्कामी आहे, गावात जाऊन थांबते. ती गेली की सकाळपर्यंत काही नाही.’ तिच्या हातात नवं पुस्तक होतं, पावती अजून त्यातच. दोन पावलं पुढं गेली आणि परत आली. ‘पुढं काय बोलले ते मला कळवाल का?’

कागद हाताशी नव्हता. अण्णांच्या पुस्तकातलं तिकीट काढलं आणि त्याच्या मागं तिचा नंबर लिहून घेतला. तिकिटाचा कागद गुळगुळीत, पेन उमटत नव्हतं, दोन आकडे गिरवावे लागले. ती धावतच गेली. मी जागेवर येऊन बसले आणि उरलेला परिसंवाद शब्द न् शब्द लिहून घेतला. रात्रीच्या कविसंमेलनाचंही लिहिलं. मुक्कामाच्या ठिकाणी आल्यावर सगळ्या पानांचे फोटो काढून तिला पाठवले. साडेअकरा झाले होते. लगेच उत्तर आलं. ती जागी होती.

त्या रात्री झोप लागली नाही. यवतमाळच्या बाईंचं ‘जाताना बघू’ आठवत राहिलं. संमेलनाला लोक कसे येतील याचा विचार आपण नेहमी लांबच्यांसाठी करतो. २०१५ ला पंजाबात घुमानला संमेलन झालं, संत नामदेवांच्या पायांनी पवित्र झालेल्या गावी, तेव्हा महाराष्ट्रातून खास रेल्वेगाड्या सुटल्या. आमच्या शेजारच्या गावचे दोघं गेले होते आणि अजून त्याबद्दल बोलताना त्यांचा गळा दाटतो. अमळनेरनंतर, २०२५ ला, दिल्लीच्या संमेलनासाठी पुण्याहून खास गाडी गेली. तिच्यात चालत्या डब्यांत कविता, भाषणं झाली. या गोष्टी झाल्याच पाहिजेत. दीड-दोन हजार किलोमीटर लांब मराठी माणसं भाषेसाठी जातात, याचा मला मनापासून अभिमान आहे. पण चोपडा तालुक्यातून अमळनेरला येणारीसाठी कुणी खास गाडी सोडत नाही. तिच्या वाट्याला रोजची मुक्कामी गाडीच येते. लांबचा माणूस एकदा पोहोचला की तीन दिवस तिथंच असतो. त्याला निवास, भोजन, बिल्ला सगळं मिळतं. जवळचा माणूस रोज येतो आणि रोज जातो. त्याला प्रतिनिधी शुल्क भरून राहणं परवडत नाही, किंवा घरी गुरं आहेत, सासू आजारी आहे. संमेलन गावोगावी फिरवायचं ते ज्याच्यासाठी, तो हाच माणूस. आणि कार्यक्रमाची वेळ ठरवताना हिशेबात नसतो तोही हाच.

फार मोठ्या व्यवस्थेचं हे काम नाही. यजमान गावच्या एसटी आगारात एकानं जायचं, तालुक्याच्या दहा-बारा मार्गांवरच्या शेवटच्या गाड्यांच्या वेळा लिहून आणायच्या आणि पत्रिकेच्या मागच्या पानावर छापायच्या. आगारप्रमुखांना भेटून तीन दिवस त्या गाड्या तासभर उशिरा सोडता येतील का, हे विचारायचं. ते जमत नसेल तर ज्या परिसंवादाचा विषय गावाकडच्या माणसाचा आहे, तो सकाळी अकराला ठेवायचा. शेतीवरची चर्चा संध्याकाळी सहाला ठेवली तर ती ऐकायला शेतकरी कसा थांबेल? एका संमेलनाच्या पत्रिकेवर वाहनव्यवस्थेसाठी म्हणून दिलेला फोन मी स्टेशनाबाहेर उभी राहून नऊ वेळा लावला होता. नंबर छापताना चुकला होता, एवढंच. पण छापायच्या आधी तो कुणीतरी एकदा फिरवून बघितला असता तर आम्ही थंडीत दीड तास उभे राहिलो नसतो.

हे सगळं मी एका पत्रात लिहून पुढच्या दोन-तीन ठिकाणच्या कार्यकर्त्यांना पाठवलं. एकाचं उत्तर आलं, मनापासून लिहिलेलं. हे आमच्या डोक्यातच आलं नव्हतं, असं त्यांनी लिहिलं होतं. मला एवढं पुरेसं वाटलं.

२०२६ च्या जानेवारीत नव्याण्णवावं संमेलन साताऱ्याला झालं, अध्यक्ष विश्वास पाटील. आमच्यासाठी घरचंच. रेल्वेचा विचारही केला नाही, साताऱ्याचं स्टेशन गावाबाहेर माहुलीला आहे. एसटी मात्र गावात सोडते, आणि संमेलन शाहू स्टेडियमवर, स्टँडपासून चालत जाण्याच्या अंतरावर. अण्णांना आता काठीशिवाय चालता येत नाही, पण तेवढं ते चालले. वाटेत दोनदा थांबले. स्टँडवरून बायकांचे घोळके उतरत होते आणि रस्ता न विचारता समोरच्या गर्दीबरोबर स्टेडियमकडं जात होते. पाटण, कोरेगाव, वाई, दहिवडी. पाट्या वाचत आम्ही बराच वेळ तिथंच उभे राहिलो.

रात्री कविसंमेलन संपेपर्यंत थांबलो. कोल्हापूरकडच्या गाड्या साताऱ्याच्या स्टँडवर रात्रभर येत असतात, म्हणून घाई नव्हती. फलाटावर अण्णा बाकावर बसले, पुस्तकांची पिशवी दोन पायांच्या मध्ये. चोपड्याच्या शिक्षिकेचा संदेश आला होता. ‘आज कोण कोण वाचलं? लिहून घेतलंत ना?’ मी वही काढून पानांचे फोटो काढू लागले. तेवढ्यात कराडची गाडी लागली. अण्णा काठी टेकवत उठले आणि कंडक्टरपुढं आधार कार्ड धरून म्हणाले, ‘एक शून्याचं द्या. आणि हिला हाफ.’